काटा मधोमध आहे, पण जिवंत आहे का? आयएलएस अप्रोचसाठी कॉकपिट कसं लावायचं

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत आता जालना, परभणी, बीडकडची मुलं-मुली दिसायला लागली आहेत. बारावीला फिजिक्स-मॅथ्स चांगलं झालेलं असतं, डीजीसीएचे (विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपरही सुटतात. लोकलायझर कुठल्या फ्रीक्वेन्सीवर चालतो विचारलं की उत्तर तोंडावर असतं. पण सिम्युलेटरमध्ये बसवून 'चल, आयएलएस लाव' म्हटलं की हात हवेतच थांबतो. आधी कुठल्या नॉबला हात घालायचा हेच सुचत नाही. पुस्तक इंग्रजीत, पॅनल इंग्रजीत आणि डोक्यातला विचार मात्र मराठीत. म्हणून हा सगळा क्रम एकदा मराठीत लिहून काढतोय. प्रत्यक्ष विमानात तुमच्या विमानाची चेकलिस्ट आणि शेजारी बसलेले इन्स्ट्रक्टर सांगतील तेच अंतिम, हे आधीच सांगून ठेवतो.

आयएलएस, म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम: बाहेरचं दिसत नसतानाही धावपट्टीकडे नेणाऱ्या, जमिनीवरून रेडिओनं सोडलेल्या दोन अदृश्य वाटा. लोकलायझर डावं-उजवं सांगतो आणि ग्लाइड स्लोप वर-खाली. लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो. तो ९० हर्ट्झ आणि १५० हर्ट्झ असे दोन सूर एकाच वेळी सोडतो. येणाऱ्या विमानाच्या डाव्या बाजूला ९० चा जोर, उजव्या बाजूला १५० चा. दोन्ही सारखे आले की तुम्ही बरोबर मधल्या रेषेवर. ग्लाइड स्लोपचंही तसंच: वर गेलात की ९० जास्त, खाली गेलात की १५०. ज्यांनी घरी तिफण किंवा नांगर धरलाय त्यांना हे लगेच कळतं. तास, म्हणजे नांगराची सरळ रेघ, धरून चालायचं. फरक एवढाच की इथं तास डोळ्यांना दिसत नाही, पॅनलवरच्या काट्यावरून ओळखावा लागतो.

उदाहरणासाठी छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे चिकलठाण्याचा विमानतळ घेऊ. पश्चिमेकडून येऊन धावपट्टी ०९ वर उतरायचंय असं समजा. डाव्या हाताला दौलताबादचा किल्ला, खाली शहर, समोर जालना रोडच्या बाजूला विमानतळ. इथली जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सोपं जावं म्हणून कोर्स (धावपट्टीची दिशा, अंशांत) ०९० आणि फ्रीक्वेन्सी ११०.३० धरतोय. ही फ्रीक्वेन्सी केवळ समजावण्यापुरती आहे. खरे आकडे त्या दिवशी लागू असलेल्या चार्टवरूनच घ्यायचे. हे चार्ट भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीमध्ये (अधिकृत माहिती-पुस्तिकेत) असतात आणि त्यातले बदल २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात. मित्राच्या फोनमधला मागच्या वर्षीचा फोटो चालत नाही.

सुरुवात कधी करायची

खूप लवकर. विमान सरळ, शांत उडत असताना, विमानतळ अजून तीस-चाळीस मैल लांब असताना. नवशिक्याची सर्वांत मोठी अडचण नॉब नसतो, उशीर असतो. रडार किंवा अप्रोच कंट्रोलर हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) द्यायला लागला, उंची सोडायला सांगितली, की डोक्यात चार्ट वाचायला जागाच उरत नाही.

चार्ट वाचताना सहा गोष्टी बोट ठेवून, मोठ्यानं म्हणायच्या: फ्रीक्वेन्सी, आयडेंट (स्टेशनची मोर्समधली ओळख), फायनल कोर्स, ग्लाइड स्लोप तपासायची उंची, निर्णयाची उंची आणि मिस्ड अप्रोचचं (उतरता न आल्यास परत वर जायच्या वाटेचं) पहिलं वाक्य. शेवटची गोष्ट बहुतेक जण 'नंतर बघू' म्हणून सोडतात. नंतर वेळ नसतो.

मग डायरेक्शनल जायरो, विमानाची दिशा दाखवणारं यंत्र. जुन्या सेसनामध्ये तो हळूहळू सरकत राहतो, म्हणून साधारण दर पंधरा मिनिटांनी चुंबकीय कंपासशी जुळवायचा. विमान सरळ आणि एका वेगात असतानाच, कारण वळणात कंपास खोटं सांगतो. जायरो दहा अंशांनी चुकलेला असेल तर पुढचं सगळं नीट लावूनही तुम्ही तासावर टिकणार नाही, आणि दोष मात्र वाऱ्याला द्याल.

फ्रीक्वेन्सी आणि आयडेंट

नॅव्ह वनच्या, म्हणजे पहिल्या नॅव्हिगेशन रिसीव्हरच्या, नॉबला दोन कड्या असतात. बाहेरची मोठी कडी पूर्ण मेगाहर्ट्झ फिरवते, आतली छोटी दशांश. स्टँडबायच्या खिडकीत ११०.३० आणा. लोकलायझर १०८.१० ते १११.९५ या पट्ट्यात असतो आणि दशांशाचा पहिला आकडा कायम विषम: १, ३, ५, ७, ९. खिडकीत ११०.४० दिसलं तर तो लोकलायझर असूच शकत नाही, व्हीओआर (दिशा सांगणारं वेगळं रेडिओ स्टेशन) असेल. ही एक छोटी खूण बऱ्याच चुका पकडते. ग्लाइड स्लोपची फ्रीक्वेन्सी वेगळी, ३३० मेगाहर्ट्झच्या आसपास असते, पण ती लोकलायझरशी जोडलेली असते. रिसीव्हर ती आपोआप लावतो.

आता दोन बाणांचं बटण दाबून स्टँडबायमधला आकडा ॲक्टिव्हमध्ये आणा. इथं बोट दाबलं गेलं, पण आकडा खरंच इकडून तिकडे गेला का, हे डोळ्यांनी बघा.

यानंतर कान. ऑडिओ पॅनलवर नॅव्ह वन दाबा, आवाज वाढवा आणि मोर्स ऐका. आयएलएसच्या आयडेंटची सुरुवात बहुतेक ठिकाणी 'आय' या अक्षरानं होते, म्हणजे दोन आखूड टिपके: टिक टिक. मग बाकीची अक्षरं. चार्टवर ते टिपके-रेघा छापलेले असतात, त्यामुळे मोर्स पाठ नसलं तरी अडत नाही. चार्टवर बोट ठेवून एक पूर्ण फेरी ऐकायची. अर्धी नाही.

याचं कारण माझ्याच एका उड्डाणात आहे. शिकत असताना, स्वच्छ सकाळी, डोळ्यांवर हूड लावून सराव चालला होता. बाहेरचं काही दिसत नाही, फक्त पॅनल. मी फ्रीक्वेन्सी लावली, काटा बघितला. बरोबर मधोमध. इतका सुंदर मधोमध की मनातून सुखावलो. हेडिंग सांभाळलं, उंची सांभाळली, काटा हलेनाच. शेजारी इन्स्ट्रक्टर गप्प. लातूरकडचा माणूस, बोलायचा कमी. दोनेक मिनिटांनी त्यांनी विचारलं, "लेकरा, हा काटा लई शहाणा झालाय का? हलायच नाही का?" तेव्हा नीट बघितलं. काट्याशेजारी लहानशी लाल पट्टी आली होती. फ्लॅग. मी एक आकडा चुकीचा लावला होता आणि त्या फ्रीक्वेन्सीवर तिथं कुणीच बोलत नव्हतं. सिग्नल नसला की त्या जुन्या यंत्रातला काटा मधोमध येऊन उभा राहतो. मेलेला काटा आणि अचूक उडणाऱ्या वैमानिकाचा काटा, लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

तेव्हापासून मी मुलांना एकच प्रश्न विचारतो: काटा काय सांगतो ते नंतर, तू विचारलंस कुणाला? फ्रीक्वेन्सी म्हणजे कुणाला विचारायचं ते. आयडेंट म्हणजे उत्तर त्याच्याकडूनच येतंय याची खात्री. फ्लॅग म्हणजे उत्तर आलंच नाही. जिवंत काटा थोडा तरी थरथरतो. हवेच्या झोतानं विमान तसूभर सरकलं तरी तो जाणवण्याइतका हलतो. हलत नसेल तर संशय घ्या.

आणखी एक. आयएलएसची दुरुस्ती चालू असते तेव्हा सिग्नल हवेत असू शकतो, पण आयडेंट काढून टाकतात किंवा त्याऐवजी मोर्समध्ये 'टेस्ट' पाठवतात. काटा त्या वेळीही हलेल, आणि तो चुकीचाही असू शकेल. अशा वेळी तुम्हाला सावध करणारा फक्त कान असतो. नव्या काचेच्या पॅनलवर यंत्र स्वतः मोर्स ओळखून अक्षरं दाखवतं. ती अक्षरंही चार्टशी ताडून बघायचीच.

कोर्स आणि काट्याचा मालक

आता कोर्स. तुमच्या विमानात साधा गोल इंडिकेटर आहे की एचएसआय (दिशेची तबकडी आणि काटा एकत्र असलेलं यंत्र), यावर इथला धोका अवलंबून आहे.

साध्या इंडिकेटरमध्ये लोकलायझर लागला की ओबीएस, म्हणजे कोर्स निवडायचा, नॉब फिरवून काट्यावर काहीच फरक पडत नाही. टू-फ्रॉमच्या (स्टेशनकडे की स्टेशनपासून) खुणेलाही अर्थ उरत नाही. तरीही ०९० लावून ठेवा, स्वतःच्या आठवणीसाठी. एचएसआयमध्ये मात्र कोर्सचा बाण फिरवला की सगळं चित्र त्याच्यासोबत फिरतं. बाण ०९० ऐवजी चुकून २७० वर राहिला तर काटा उलटा बोलतो: तास डावीकडे असताना उजवीकडे दाखवतो. तुम्ही प्रामाणिकपणे काट्याच्या मागे जाल आणि दर सेकंदाला तासापासून लांब जाल. म्हणून बाणाचं टोक धावपट्टीच्या दिशेनं, म्हणजे ०९० कडे आहे, हे बोटानं दाखवून म्हणा. वारा असो, वळण असो, बाण तिथंच राहील. हेडिंग बग (दिशेची सरकती खूण) वेगळा, तो वाऱ्याप्रमाणे हलवायचा.

काचेच्या पॅनलवर, गार्मिन जी-१००० सारख्या, आणखी एक प्रश्न येतो: हा काटा आत्ता कुणाच्या हुकमात आहे? जीपीएसच्या की नॅव्ह रिसीव्हरच्या? सीडीआय बटण दाबलं की मालक बदलतो. जीपीएसचा काटा जांभळट-गुलाबी, नॅव्हचा हिरवा. आयएलएससाठी हिरवा हवा आणि शेजारी लोकलायझरचं नाव. फसगत होते ती अशी की जीपीएसमध्ये तोच अप्रोच लोड केला असेल तर गुलाबी काटाही त्याच रेषेवर नेतो. डावं-उजवं अगदी बरोबर वाटतं. पण तो आयएलएसचा काटा नसतो. काही पॅनल वेळ आली की स्वतःहून हिरव्यावर जातात, काही जात नाहीत. यंत्र करेल म्हणून बसू नका. रंगाचं नाव मोठ्यानं घ्या.

डीएमई (स्टेशनपासूनचं अंतर दाखवणारं यंत्र) असेल तर त्याचा स्विच नॅव्ह वनवर आहे का बघा. 'होल्ड'वर राहिला असेल तर मागच्याच स्टेशनचं अंतर दाखवत राहील. मार्कर बीकन (वरून जाताना पॅनलवर दिवा लावणारे जमिनीवरचे ट्रान्समीटर) जिथं अजून आहेत तिथं ऑडिओ पॅनलवर मार्करचं बटण दाबून ठेवा: निळा दिवा बाहेरचा, पिवळसर मधला. बहुतेक ठिकाणी आता त्यांचं काम डीएमई करतो.

अल्टिमीटर: इथं घाई नको

ग्लाइड स्लोपला अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र) लागत नाही. तो रेडिओची वाट दाखवतो. पण कुठं थांबून निर्णय घ्यायचा, हे अल्टिमीटरच सांगतो. त्यामुळे टॉवरनं दिलेला क्यूएनएच (तिथला, समुद्रसपाटीच्या हिशेबातला हवेचा दाब) ऐकला, परत म्हटला आणि लावला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली झाली म्हणजे शेवटची झाली असं होत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात मराठवाड्यात क्यूएनएच १००३ च्या आसपास येतो. वर उंचीवर तुम्ही प्रमाण दाब १०१३ वर होतात आणि खाली येताना बदलायचं राहिलं. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट. म्हणजे दहाला जवळपास २८० फूट. अल्टिमीटर तेवढं जास्त दाखवणार. कॅटेगरी वन आयएलएसमध्ये निर्णयाची उंची धावपट्टीपासून २०० फुटांपेक्षा कमी नसते, म्हणजे आपल्या १९०० फुटांच्या जमिनीवर अल्टिमीटरवरचा आकडा २१०० च्या आसपास. आता अल्टिमीटर २१०० दाखवेल तेव्हा तुम्ही खरे कुठं असाल? १८२० फुटांवर. चिकलठाण्याची जमीन १९०० वर आहे. हे गणित मी प्रत्येक बॅचला फळ्यावर करायला लावतो आणि उत्तर आलं की वर्गात आवाज बंद होतो.

क्यूएनएच लावल्यावर मिनिमाचा, म्हणजे निर्णयाच्या उंचीचा, बग लावा. दोन अल्टिमीटर असतील तर दोन्ही एकमेकांशी ताडा.

दुसरा रिसीव्हर आणि परतीची वाट

नॅव्ह टू रिकामा ठेवू नका. मिस्ड अप्रोचमध्ये ज्या व्हीओआरकडे जायचं असेल तो त्यावर लावून, त्याचा कोर्स ठेवून, त्याचाही आयडेंट ऐकून घ्या. पावसात, ढगात, इंजिनाला पूर्ण ताकद देऊन वर चढताना फ्रीक्वेन्सी शोधणं हे नवशिक्याचं काम नाही. जुन्या वैमानिकाचंही नाही.

इथवर आलात की एकदा पूर्ण वाचून म्हणा. माझी मुलं असं म्हणतात: "नॅव्ह वन ११०.३० ॲक्टिव्ह, आयडेंट ऐकला, कोर्स ०९०, काटा हिरवा, फ्लॅग नाही, क्यूएनएच लावला, मिनिमा लावला, नॅव्ह टू परतीसाठी तयार." दहा-बारा सेकंद लागतात.

तास धरणं

समजा तुम्ही वायव्येकडून, म्हणजे रेषेच्या डाव्या बाजूनं येताय. कंट्रोलरनं हेडिंग १२० दिलं. तीस अंशाचा कोन. एचएसआयवर काटा उजव्या कडेला टेकलेला असेल. तो कडेवरून सुटला की म्हणायचं: 'लोकलायझर जिवंत'. याच क्षणी ०९० कडे वळायला लागा. पूर्ण मधोमध यायची वाट बघितली तर पलीकडे निघून जाल.

व्हीओआरवर शिकलेल्याला लोकलायझर फार चपळ वाटतो. व्हीओआरचा काटा कडेला टेकायला दहा अंश लागतात, लोकलायझरचा सुमारे अडीच अंशांतच टेकतो. चौपट नाजूक. धावपट्टीच्या तोंडाशी त्या सगळ्या पट्ट्याची रुंदी फक्त ७०० फूट असते. म्हणून सुरुवातीला पाच अंशांची दुरुस्ती, जवळ आल्यावर दोन अंशांची. काट्याच्या मागे धावायचं नाही. एक हेडिंग धरायचं, काटा काय करतो ते बघायचं, मग ते हेडिंग बदलायचं. बैल बुजले म्हणून कासरा दोन्हीकडे ओढत बसलं तर तास वाकडाच होतो.

ग्लाइड स्लोप नेहमी खालून पकडायचा. विमान सपाट उडत असताना त्याचा काटा वरच्या कडेवरून खाली सरकत येतो. वरून पकडायला गेलात तर खोट्या वाटा भेटतात, त्यातली एक सुमारे नऊ अंशाची. खरी तीन अंशाची वाट सर्वांत खाली असते. खालून येणाऱ्याला तीच पहिली भेटते. ऑटोपायलट वापरत असाल तर लोकलायझरच्या रेषेकडे वळवल्यावर एपीआर (अप्रोच) बटण दाबा आणि वर पट्टीत काय आलं ते वाचा. बटण दाबलं हा पुरावा नाही, पट्टीतली अक्षरं हा पुरावा.

खरी वाट मिळाली का, हे अंतरावरून तपासता येतं. तीन अंशाच्या उतारावर एका नॉटिकल मैलाला साधारण ३१८ फूट. ४००० फुटांवर सपाट येत असाल तर आपल्या उदाहरणात काटा मधोमध यायला हवा धावपट्टीपासून साधारण साडेसहा मैलांवर. चार मैलांवर अल्टिमीटर ३२०० च्या आसपास. चार्टवर हा तक्ता नेमका दिलेला असतो आणि डीएमईचं अंतर कुठून मोजायचं तेही. आकडे जुळले नाहीत तर खाली जाऊ नका.

उतरण्याचा दर काढायला ग्राउंड स्पीडला (जमिनीच्या हिशेबातल्या वेगाला) पाचनं गुणा. ९० नॉटला ४५० फूट प्रति मिनिट. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी ४००० फुटांवर एअरस्पीड इंडिकेटरवर ९० दिसत असले तरी विरळ, तापलेल्या हवेत खरा वेग शंभरच्या घरात असतो. वारा नसेल तर दर ५०० च्या वर लागतो. समुद्रकाठी शिकून आलेली मुलं इथं सतत वाटेच्या वर राहतात, त्याचं कारण हेच. त्याच दिवसांत दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात. अशा ढगातून आयएलएस नेण्याचा सराव करायचा नसतो. लांबून वळसा घ्यायचा.

निर्णयाच्या उंचीवर नजर वर करा. धावपट्टीचे दिवे किंवा अप्रोच लाइट ओळखू आले तर उतरा. नाही आले तर त्याच क्षणी ताकद, नाक वर आणि नॅव्ह टूवर लावून ठेवलेली वाट.

आयएलएस सगळीकडे नसतो, आणि छोट्या विमानतळांसाठी आता 'गगन' ही आपली उपग्रह यंत्रणा आहे. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला प्रवासी एटीआर विमान गगनच्या आधारे उतरवून दाखवलं गेलं. त्या अप्रोचमध्येही हेच दोन काटे दिसतात. फक्त तिथं मालक जीपीएस असतो, म्हणून काटा गुलाबीच हवा. प्रश्न तोच: विचारलं कुणाला?

सरावासाठी विमानाचे पैसे घालवू नका. पॅनलचा फोटो खऱ्या आकारात छापून खाटेसमोरच्या भिंतीवर चिकटवा, चार्ट मांडीवर घ्या आणि बोटानं प्रत्येक नॉब 'फिरवत' क्रम मोठ्यानं म्हणा. आयडेंट तोंडानं वाजवा: टिक टिक. घरचे विचारतील काय करायलास म्हणून, त्यांना समोर बसवून चार्ट वाचायला द्या. परभणीच्या एका मुलीची आई अशी दोन महिने रोज रात्री फ्रीक्वेन्सी आणि कोर्स वाचून दाखवायची. मुलगी पहिल्यांदा खऱ्या ढगात गेली तेव्हा तिचा हात कुठल्याच नॉबवर थांबला नाही.